ताक द्या, अन् बाग दाखवा

ये गं रूपा, कागदातून का होईना, पण अशी जवळ येऊन बस. तुझा कान धरायचाय. काल फोनवर विचारलं, जेवलीस का, तर म्हणालीस, "खाल्लं मावशी, गाडीत काहीतरी." काहीतरी! सत्तरी ओलांडली माझी, पण बाजारात 'काहीतरी' विकायला बसलेली बाई अजून मला दिसली नाही. मेथी दिसली, पावटा दिसला, काकडी दिसली. तुझं ते काहीतरी कुठल्या शेतात पिकतं, एकदा दाखव मला. औषधांची बॅग घेऊन आज कोल्हापूर, उद्या सोलापूर फिरतेस, डॉक्टरांना गोळ्या समजावून सांगतेस, अन् स्वतः बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढतेस. रागवू नकोस. मावशी रागावली नाही तर कोण रागावणार?

अन् आजच का रागावले, ते सांगते. सकाळी अंगणात उभी होते. पाऊस मागं सरलाय, आभाळ धुतल्या परातीसारखं निघालंय, ज्वारीच्या पेरणीची गडबड चाललीय. तेवढ्यात आमच्या अश्विनीनं गाडी सुरू केली. गाडीच्या टपावर दव होतं, मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं फूल काढलेलं. "आत्ती, निघाले. तासगावकडं छाटणी सुरू झाली," असं ती म्हणाली, अन् मी नकळत गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिले! जत्रेला निघालेली पोर उभी राहते ना, तशी. द्राक्षाची छाटणी आली. वर्ष फिरून आलं. गेल्या साली याच दिवसांत त्या गाडीच्या डाव्या बाजूच्या सीटवर मी बसलेले होते!

अश्विनी म्हणजे माझी सून, तुला ठाऊक आहे. पण तिचं काम काय, ते तुम्हा कुणालाच धड ठाऊक नाही. ती शेतीचं शिकली, अन् आता बागायतदारांना सल्ला देत फिरते. आज विटा, उद्या आटपाडीची डाळिंबं, परवा पाचगणीला स्ट्रॉबेरीची लागण. अन् छाटणी सुरू झाली की मग द्राक्षं एके द्राक्षं. त्या दिवसांत तिला दिशा चार नसतात, एकच असते, पुढची. माझा रणजित फौजेत, लांब कुठं बर्फात. नात साताऱ्याला शिकायला. घरात आम्ही दोघीच. गेल्या साली मीच म्हणाले, "मला ने की तुझ्यासंगं. घरात भिंतींशी बोलून कंटाळा आलाय." ती हसली अन् दार उघडलं. एवढंच निमित्त. खरं निमित्त वेगळं होतं, ते येईल पुढं.

काय दिवस होते गं ते! पहाटेचं तांबडं फुटायचं, आम्ही औंधाच्या डोंगरावरच्या यमाईला हात जोडून पुसेसावळीकडं उतरायचो. उजवीकडं ऊस, डावीकडं माळ, मधेच एखाद्या वस्तीवर धूर. विट्याच्या पुढं गेलं की द्राक्षांचे मांडव लागायचे. पानं झडलेली, काड्या उघड्या, अन् आत बायकांच्या कातऱ्यांचा आवाज, कट कट कट, जणू सगळा मांडव दातात काहीतरी फोडतोय. छाटलेल्या काड्यांतनं पाणी ठिबकतं, बघितलंस कधी? वेल रडतो म्हणतात. मला तर तो घाम वाटला, कामाला लागलेल्या माणसाचा. अश्विनी बागेत शिरली की तिची चालच बदलायची. काडी वाकवून बघायची, डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, फुगलाय का ते बोटानं चाचपायची, अन् मालकाला सांगायची, "काका, छाटायची घाई करू नका, आणखी थोडं थांबा." मी मांडवाखाली उभी राहून नुसती बघायचे. बाई आपल्या कामात रमली की तिच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते लग्नाच्या फोटोतसुद्धा येत नाही.

पण काम पाच मिनिटांचं अन् चहा अर्ध्या तासाचा! आपल्या मुलखाची तऱ्हा तुला माहीत आहे. दारात माणूस आलं की आधी पाणी, मग चहा. त्यात हा साखर कारखान्यांचा मुलूख. कपात चमचा उभा राहील एवढी साखर. बागेत खुर्ची टाकायची, त्यावर म्याडमला बसवायचं, अन् आतून कपबशी यायची. नको म्हणायची सोय नाही.

"नको काका, आत्ताच झाला मागच्या बागेत."

"मागच्या बागेतला त्येंचा. ह्यो आमचा."

"खरंच नको."

"का? आमच्या घरचा गोड लागंना व्हय म्याडम?"

झालं. एवढं बोलल्यावर कोण नको म्हणेल? नाही घेतला तर पुढच्या खेपेला फाटक उघडायला माणूस उशिरा येतो. अश्विनी घ्यायची. पुढच्या बागेत परत, त्याच्या पुढच्या बागेत परत, संगती खारी, पोहे, कुणाकडं शिरा. दुपारी डबा उघडायची भूकच राहायची नाही. घरनं नेलेली भाकरी तशीच माघारी यायची, अन् मी म्हणायचे, माझ्या हाताची चव गेली वाटतं. चव नव्हती गेली. जागाच नव्हती. अन् चालणं? फाटकापासनं खुर्चीपर्यंत, खुर्चीपासनं गाडीपर्यंत.

आता खरं निमित्त सांगते. अश्विनीच्या रक्तात साखर वाढत चालली होती. अजून काठावर होती, आत पडली नव्हती. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवाळीच्या तोंडावर परत तपासू. तोवर खाणं अन् चालणं ताळ्यावर आलं तर ठीक. नाहीतर गोळ्या सुरू करू, अन् हे गावोगाव फिरायचं कमी करावं लागेल." गोळीशी आमचं वैर नाही गं. लागली असती तर घेतलीच असती. पण त्या दुसऱ्या वाक्यानं पोरीचा चेहरा उतरला. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या विहीणबाईंचा, पाय साखरेनंच गेला. जखम झाली, चिघळली, अन् गुडघ्याखाली काढावा लागला. आता त्या दारातल्या खुर्चीवर बसून रस्ता बघतात. अश्विनी दवाखान्यातनं गाडीत येऊन बसली, किल्ली हातात, गाडी सुरू करीना. म्हणाली, "आत्ती, मला आईसारखं बसून रस्ता बघायचा न्हाई. मला रस्त्यावरच राहायचंय."

एवढंच. पण मी त्या दिवशी ठरवलं, या बाईचं फिरणं थांबू द्यायचं नाही.

रणजितला फोन केला. फौजेतल्या माणसाला सगळं सोपं. "आई, सिंपल हाय. सुबह रनिंग. नो चाय, नो मीठा. आमच्याकडं जवान असाच फिट ठेवत्यात."

अश्विनीनं फोन हिसकावून घेतला. "अहो, तुमच्या फौजी लंगरात जेवताना कुणी हात धरून 'आमच्या घरचा गोड लागंना व्हय' असं म्हणतं का?"

फौजीची हिंदी पळाली. मग, "न्हाई. तसं कोण म्हणत न्हाई."

"मग ठेवा फोन."

रूपा, मी मेंढक्याची पोर. माण तालुक्यातलं आमचं बिऱ्हाड दसरा झाला की चालायला लागायचं, ते पार पावसाळ्याला माघारी. घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या, अन् माझ्या काखेत आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू. आम्ही पण कामासाठीच फिरत होतो की! तेव्हा त्याला दौरा म्हणत नव्हते एवढंच. पण खाण्याचे नेम पक्के. सकाळी हुलग्याचं माडगं, ऊन ऊन, पातळ, लसणाची फोडणी घातलेलं. ते प्यालं की पोटात शेकोटी पेटायची. चालताना काही खायचं नाही. दुपारी पाण्याच्या कडेला थांबलं की बाजरीची भाकरी, कांदा, मेंढीच्या दुधाचं दही. अन् ऊन उतरायच्या आत दुसरं जेवण, कारण मग मेंढ्यांना जाळी लावायची घाई. बा म्हणायचा, "पाय चालत असतील तर तोंड बंद, तोंड चालत असंल तर पाय बंद." तुम्ही पोरी गाडी हाकता हाकता खाता. त्याच्या हिशोबात ते जनावराचं वागणं. मेंढीच तेवढी चालता चालता खाते!

कृष्णाकाठच्या गावांत आमच्या मेंढ्या शेतात बसवायचे, खतासाठी. सकाळी निघताना त्या घरची बाई सुपात जोंधळे घेऊन बांधावर यायची. ओटीत ओतायची अन् म्हणायची, "रिकामं जाऊ नगा." आई कधी नको म्हणाली नाही. तेव्हा मला वाटायचं, आम्ही गरीब म्हणून. तसं नव्हतं. त्याचा उलगडा व्हायला मला म्हातारी व्हावं लागलं, अन् सुनेच्या गाडीत बसावं लागलं.

तर मी अक्कल चालवली. घट बसायला आलेले. मी म्हणाले, "अश्विनी, डॉक्टरचं नाव सांगितलं की लोक वाद घालतात. 'डॉक्टरला काय कळतंय, एका कपानं काय व्हतंय!' पण देवाचं नाव घेतलं की कुणी वाद घालतं का? आपल्या बायका काशीला जाऊन वांगं सोडून येतात, कुणी म्हणतं का त्यांना, एक फोड घ्याच? तू सांग, यमाईला चहा सोडलाय."

"खोटं बोलायचं देवीच्या नावानं?"

"खोटं कशाला? सोड की मग!"

पहिल्याच बागेत काय जादू झाली म्हणून सांगू! कपबशी बाहेर आली. अश्विनी म्हणाली, "काका, यमाईला सोडलाय." अन् त्या माणसानं, भल्याथोरल्या मिशांच्या माणसानं, कपबशी खाली ठेवली, हात जोडले, अन् स्वतःच्या बायकोवर ओरडला, "अगं ने ते आत! म्याडमला नवस हाय!" गाडीत बसल्यावर आम्ही दोघी एवढ्या हसलो, एवढ्या हसलो, की अश्विनीला डोळे पुसायला गाडी कडेला घ्यावी लागली. मला वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! दुसऱ्या दिवसापर्यंत बातमी मांडवा-मांडवातनं आमच्या पुढं धावली. म्याडमचा नवस आहे. नवस म्हणजे उपास. अन् उपास म्हणजे? तूच सांग, आपल्या बायकांच्या डोक्यात उपास म्हटलं की काय येतं? साबुदाणा! पहिल्या घरी खिचडी, तुपात निथळणारी. दुसऱ्या घरी साबुदाणा वडे. तिसऱ्या घरी शेंगदाण्याचे लाडू, गुळातले, मुठीएवढे. "उपाशी फिरायचं म्हंजे काय साधी गोष्ट हाय व्हय बाई," म्हणत एका आजीनं केळ्यांचा अख्खा फणाच गाडीत टाकला. मागच्या सीटवर केळी, राजगिऱ्याच्या वड्या, उकडलेली रताळी, डब्यात बटाट्याचा कीस! चहाच्या कपाचं निदान तोंड तरी एवढंसं असतं. इथं तर परातीच समोर. अन् देवीच्या नावाचं, त्याला नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळी अश्विनी स्टेअरिंगवर कपाळ टेकवून म्हणाली, "आत्ती, चहा बरा होता."

मी केळं सोलत होते.

पण ऐक, पुढंच खरी मजा आहे. घट बसून एक-दोन दिवस झाले असतील. मिरजेच्या अलीकडं एका जैन कुटुंबाची बाग आहे. घरधनीण पद्माक्का, माझ्याच वयाची, काठीसारखी सरळ. तिचं निम्मं माहेर कर्नाटकात, म्हणून सगळी तिला अक्का म्हणतात. तिच्या ओट्यावर आम्ही बसलो. अश्विनीनं आपलं सांगितलं, चहा सोडलाय. मी डोळे मिटले, आता साबुदाणा येणार. तर पद्माक्का म्हणाली, "बरं. चहा सोडला. मग घेणार काय?"

अश्विनी गोंधळली. "काही नको अक्का."

"काही नको कसं? आमच्यात रसत्याग करत्यात. येक दिवस मीठ न्हाई, येक दिवस तूप न्हाई, येक दिवस गोड न्हाई. माझा आज मिठाचा हाय. पण मी पाव्हणी गेले तर नुसतं न्हाई म्हणत न्हाई. 'मीठ सोडलंय, ताक बिनमिठाचं द्या,' असं सांगते. तू नुसतं सोडलंय म्हणतीस आन् बाईला दारात रिकाम्या हातानं हुबी करतीस. मग ती घाबरती. घाबरली की जे हाताला लागंल ते ताटात घालती. साखर नको तर साखर नको म्हण. पण तिच्या हाताला कायतरी काम दे की गं!"

मी पद्माक्काच्या तोंडाकडं बघत राहिले. बांधावरची ती सुपातले जोंधळे घेऊन आलेली बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आई तिला नको का म्हणत नव्हती, ते त्या ओट्यावर मला कळलं. ती आम्हाला धान्य देत नव्हती फक्त. आमच्याकडून काहीतरी घेत होती. माझ्या दारातनं कुणी रिकामं गेलं नाही, एवढं एक समाधान. ते तिचं तिला द्यायला नको?

"मग मी काय मागू?" अश्विनीनं विचारलं.

"ताक माग. काकडी माग. मूठभर भाजल्या शेंगा माग. आन् बसू नको. बस म्हणलं की बाई चुलीकडं वळती. उभ्यानंच म्हणायचं, चला, बाग दाखवा सगळी."

त्या दिवशी पद्माक्कानं आणखी एक केलं. ऊन पिवळं झालं तसं आम्हाला पानावर बसवलं. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. ज्वारीची गरम भाकरी, मुगाची उसळ, दोडक्याची चटणी. गोडाचं काही नाही, अन् ते नाही म्हणून तिनं माफीही मागितली नाही. आम्ही जेवून निघालो तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकलेला. घरी येईपर्यंत पोट हलकं, डोकं हलकं. मी तर गाडीत गाणं म्हटलं. मेंढ्यांमागं म्हणायचो ते, निम्मं आठवलं, निम्मं जागेवर रचलं.

मग काय विचारतेस! दुसऱ्या दिवसापासनं आमची तऱ्हाच बदलली. फाटकातनं आत शिरतानाच अश्विनी मोठ्यानं म्हणायची, "वैनी, साखर सोडलीय देवीला, पण तुमचं ताक प्यायला आलेय. मीठ थोडं घाला. अन् काका, बसवू नका, बाग दाखवा. शेवटच्या वेलापर्यंत." अन् रूपा, त्या बायकांचे चेहरे! चहा तर कुणीही करतं. पण आपल्या घरचं ताक कुणी मागितलं म्हणजे केवढा मान. कुणी त्यात जिरं कुटून घालायची, कुणी आलं. एकीनं तर शेजारणीला ऐकू जाईल असं सांगितलं, "म्याडम मुद्दाम माझं ताक मागत्यात!" मग शेजारणीनं दुसऱ्या दिवशी स्वतः फाटकात उभं राहून हाक मारली.

पुरुष मंडळी मात्र कुरकुरली. सगळी बाग चालायची सवय त्यांना तरी कुठं राहिलीय? मिशीवाले काका तिसऱ्या ओळीतच धापा टाकायला लागले. "म्याडम, वेल समदे सारखेच असत्यात की वो."

"मग माणसंबी सारखीच असत्यात. तुमच्या ऐवजी शेजारच्या काकांना सल्ला देऊ का?"

"चला, चला," म्हणत काका पुढं. अन् गंमत बघ. शेवटच्या कोपऱ्यात, जिथं कुणी जातच नाही, पाणी साचून राहिलेलं अन् कोवळ्या फुटीवर रोगाचे डाग उमटलेले. आदल्या आठवड्यात खुर्चीवर बसून चहा पिताना ते कुणाला दिसणार होतं? वेळेवर सापडलं, तेवढ्यावरच आवरलं. काकांनी त्या दिवसापासनं बायकोला सांगून ठेवलं, "म्याडमची गाडी दिसली की ताक काढ आन् माझ्या चपला दे."

डब्याचंही सुधारलं. मी आदल्या दिवशीच दशम्या करायचे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या भाकऱ्या, प्रवासात वाळत नाहीत. संगती शेंगदाण्याची चटणी, मोड आलेली मटकी, एखादी सुकी भाजी. बाचा नेम गाडीला लावला. पाय चालत असतील तर तोंड बंद. म्हणजे गाडी थांबल्याशिवाय डबा उघडायचा नाही. चिंचेखाली चादर टाकायची, पाय लांब करायचे, अन् सावकाश जेवायचं. किती चिंचा, किती कडुलिंब आमच्या ओळखीचे झाले म्हणून सांगू! अजून एखादं झाड दिसलं की मला त्या दिवशीची भाजी आठवते. कवठेमहांकाळच्या रस्त्यावरचा तो वाकडा लिंब म्हणजे मेथी. विट्याबाहेरची चिंच म्हणजे गवारीची भाजी, जरा करपलेली.

अन् यमाईचं सांगायचं राहिलंच. दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी घरी येताना अश्विनीनं औंधात गाडी वळवली. म्हणाली, "देवीच्या नावावर इतकं ताक प्याले, तिला सांगायला नको?" डोंगरावर जायला रस्ता आहे, गाडी जाते. ती पायऱ्यांनी निघाली. मी निम्म्यात बसले, गुडघ्यांनी हात जोडले. ती मात्र वर गेली, थांबली, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, परत गेली. उतरली तेव्हा घामानं डवरलेली, अन् डोळ्यांत नुसतं ऊन. विचारलं, काय मागितलंस? "मागितलं न्हाई काही. साखर सोडली म्हणून खरं खरं सांगितलं. अन् म्हणलं, परत येते, अशीच, पायी."

दिवाळीच्या तोंडावर सांगलीला गेलो. दवाखान्यात अश्विनी शांत, मी सारखी पदराला पीळ घालतेय. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, चष्मा काढला, परत लावला. मला वाटलं, गेलं सगळं. मग म्हणाल्या, "काठावरून मागं आलाय तुम्ही. काय केलंत?"

मी कुणाला बोलूच दिलं नाही. "ताक प्यालो, अन् बागा चाललो!" अशी ओरडले की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. डॉक्टरीणबाई हसल्या, तरी बजावलं त्यांनी, तपासणी चुकवायची नाही, सैल पडायचं नाही. अश्विनीनं विचारलं ते एकच, "मग फिरू ना मी?" "फिरा की. पण असंच फिरा." दारातला कंपाउंडर म्हणतो कसा, "मग पेढे द्या की मावशी!" पेढे! आपल्या मुलखाची जीभ सुधारायची नाही. पिशवीत पेरू होते, एक त्याच्या हातावर ठेवला. तो पेरूकडं बघतोय, पेरू त्याच्याकडं बघतोय, अन् आम्ही दोघी पायऱ्या उतरून रस्त्यावर. अश्विनीनं गाडी सुरू केली. या खेपेला किल्ली हातात धरून बसली नाही.

तिथनं विहीणबाईंकडं गेलो. त्या दारात खुर्चीवर, रस्ता बघत. लेकीनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही, पण लेकीचा चेहरा वाचता येतो. म्हणाल्या, "माझ्या वाटणीचंबी फिर गं."

तर रूपा, तेच दिवस परत आलेत. अश्विनी तासगावकडं गेलीय. यंदा तिच्याकडं जास्त गावं आलीत, अन् ती वेडी खूश आहे. मी मात्र घरी. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय. मघाशी तिचा फोन आला. "आत्ती, मिशीवाल्या काकांनी यंदा स्वतःसाठी बूट घेतलेत. म्हणत्यात, म्याडम, कुठनं सुरू करायचं?" मी हसले अन् फोन ठेवला, अन् मग घर एकदम गप्प झालं. सवयीनं दशम्या जास्त झाल्यात. ताक घुसळून ठेवलंय, वर लोण्याचा गोळा तरंगतोय. प्यायला कोण? मीच.

पद्माक्काचं ते बोलणं आज माझ्याच अंगाला लागलं बघ. बाईला रिकाम्या हातानं उभी करू नये. आज माझेच हात रिकामे आहेत.

म्हणून सांगते, या आठवड्यात सातारच्या बाजूला काम काढ. निघेल गं, मनात असलं की निघतं. येताना पेढ्याचा पुडा, बिस्किटं, ते तुझं काहीतरी, यातलं काही आणू नकोस. चहाही मिळणार नाही. ताक मिळेल, जिरं घातलेलं, अन् संध्याकाळच्या आत गरम भाकरी. यमाईच्या पायऱ्या आपण दोघी मिळून चढू, मी निम्म्यापर्यंत, तू वरपर्यंत. फक्त फाटकातनं आत येताना मोठ्यानं म्हण, "मावशी, तुझं ताक प्यायला आलेय."

मी ओट्यावरच आहे. लवकर ये.